राखून ठेवलेली तार

चांगुणाबाईंच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, राखून ठेवायची असते. काचेचा डिनर सेट पाहुण्यांसाठी, मखमली चादर जावयासाठी. माळ्यावर एक कोरा पंखा खोक्यातच होता. तो कोणासाठी हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मलकापूरच्या मे महिन्यातसुद्धा तो खाली काढायचा नाही, एवढं घरातल्या मांजरीलाही ठाऊक होतं.

त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर अकोल्याचा शौनक त्यांच्या लग्नाच्या शूटिंगच्या स्टुडिओत नवं मशीन बसवायला आला, तेव्हा जे झालं ते होणारच होतं.

“सर्व्हरपासून साठवणीच्या डब्यापर्यंत दोन तारा टाकल्या,” शौनक म्हणाला. “दोन्ही कामाला लावू, का एक राखीव ठेवू?”

विचारलं त्याने लक्ष्मीकांतला. लक्ष्मीकांत म्हणजे चांगुणाबाईंचा मुलगा, पाटीवर मालक म्हणून नाव त्याचंच. पण स्टुडिओत प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर दाराजवळच्या खुर्चीतून यायचं.

“एक राखीव ठेव,” खुर्चीतून उत्तर आलं. “दोन्ही झिजवून ठेवशील, मंग ऐन टायमाले काय तुह्या पायजम्याची नाडी लावू तिथं?”

“आजी, तार झिजत नसते,” समता म्हणाली. समता लक्ष्मीकांतची मुलगी, शेगावहून कॉम्प्युटरचं शिकून आलेली.

“तुही जीभही झिजत नाई. म्हणून काय दिवसभर चालवाची?”

शौनकने निमूटपणे तशी सेटिंग करून दिली. सगळं काम एका तारेवर. दुसरी तार जोडलेली, पण मोकळी. पहिली तुटली, तरच तिने उठायचं.

हा शृंगार स्टुडिओ चांगुणाबाईंच्या नवऱ्याने काढला आणि चांगुणाबाईंनी चालवला. असं त्या स्वतःच सांगत, आणि समोर बसून नाही म्हणेल असा माणूस अजून स्टुडिओची पायरी चढलेला नव्हता. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली होती, पण कॅमेरा धरला तो असा, की बायकांच्या मंडपाचं शूटिंग म्हटलं की पिंपळगाव राजापासून वरवट बकालपर्यंत लोक मलकापूरचा रस्ता धरायचे. मुसलमानांच्या घरी बायकांची बैठक वेगळी असते, तिथे बाप्या माणूस कॅमेरा घेऊन जाऊ शकत नाही. चांगुणाबाई गेल्या. आता त्यांचे गुडघे गेले, म्हणून समता आणि तिची आई, सून रेवती, जातात. तिथलं सगळं चित्र स्टुडिओच्या मागच्या खोलीत कापलं-जोडलं जातं, आणि त्या खोलीचा पडदा लक्ष्मीकांतसुद्धा बाजूला करत नाही. फिल्म इंटरनेटवर चढवायची नाही, फोनवर पाठवायची नाही. तयार झाली की नवरीच्या हातात द्यायची, हातातून हातात. हा नियम चांगुणाबाईंचा, आणि धंदा उभा होता तो या नियमावर.

साठवणीचा डबा मात्र पुढच्या आणि मागच्या खोलीला मिळून एकच होता. मधल्या खोलीत लोखंडी मांडणीवर तो घरघरत असायचा. सगळ्या लग्नांचं सगळं शूटिंग त्याच्या पोटात. कोणीही कुठलंही चित्र मागितलं, की ते डब्यातून तारेने सर्व्हरकडे आणि सर्व्हरकडून मागणाऱ्याच्या पडद्यावर यायचं. हिवाळ्यात दोन-तीन लग्नं असत, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. मे महिना आला आणि दोन्ही खोल्यांतली सगळी मशीनं एकदम मागायला लागली.

त्या सोमवारी सकाळी धामणगाव बढ्याहून अन्वरभाई आले. भुसार मालाचे व्यापारी, बोलणं मऊ. आल्या आल्या टोपी काढून कपाळ पुसलं.

“काकू, एक अर्ज हाये.”

“बस आधी. पाणी पे. अर्ज काय पळून राह्यला?”

“आपल्या उमैमाचं... दामादची छुट्टी कटली. दोघं मस्कतले पुढच्या महिन्यात जाणार होते, आता गुरुवारी दुपारच्या गाडीनंच मुंबईले निघून राह्यले. मी तिले म्हटलं, फिल्म राहू दे, तू पुढच्या खेपेले येशील तवा घेजो. ऐकत नाई. तिले तिच्या दादीचं गाणं पाह्यजे.”

अन्वरभाईंची आई लग्नात बायकांच्या बैठकीत गायली होती. साऱ्या गावाने तिला फक्त पीठ-मीठ मागतानाच ऐकलेलं, आणि त्या दिवशी नातीला मेंदी लागताना म्हातारीने असा सूर लावला की समताने कॅमेरा नवरीवरून तिच्याकडे वळवला. लग्नानंतर म्हातारीने अंथरूण धरलं ते धरलंच. नात पुढच्या खेपेला कधी येईल आणि तेव्हा म्हातारी असेल का, कोणास ठाऊक.

“गुरुवारी गाडीच्या आधी पोरीच्या हातात,” त्या म्हणाल्या. “जाय आता, पोरीची तयारी कर.”

“मेहरबानी काकू. लय काम असंन ना तुमच्याकडं?”

“काम आमचं हाये. तू कायले मोजतं?”

अन्वरभाई गेले. चांगुणाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या आणि पडदा सारून मागच्या खोलीत गेल्या.

“उमैमाची फिल्म गुरुवारी द्याची.”

रेवतीने सासूकडे पाहिलं, मग समताकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे. या घरात तिला इतकी वर्षं झाली होती, की केव्हा बोलू नये ते तिला पक्कं कळत होतं. समताला अजून कळत नव्हतं.

“शब्द देऊन टाकला?”

“मंग? तुले पुसून देऊ?”

“पुसतं त बरं झालं असतं. हे पाह्य.”

समताने बटण दाबलं. पडद्यावर उमैमाचा मेंदीचा हात वर आला आणि अर्ध्यातच थांबला. एक चक्र गरगर फिरू लागलं. हात तसाच हवेत. चांगुणाबाईंना वाटलं आता हलेल, मग हलेल. खाली पडलेली सुपारी त्यांनी वाकून उचलली, तरी हात हवेतच.

“पोरीच्या हाताले मुंग्या आल्या असतीन,” रेवती हळूच म्हणाली.

“सकाळपासून असंच चाललं,” समता म्हणाली. “मी एक तुकडा मागतो, तो येईस्तोवर चहा होते. पुढं बाबा डॉक्टरचं लग्न करून राह्यले, त्याईचंही तसंच. अशानं गुरुवार काय, पुढचा सोमवारही जाईन.”

मोताळ्याच्या डॉक्टरांच्या लग्नाचं काम पुढच्या खोलीत चालू होतं. तेही गुरुवारचं, आणि त्याचाही शब्द खुर्चीतूनच गेलेला. पुढची खोली बंद ठेवली असती, तर मागच्या खोलीला मोकळं मिळालं असतं. पण मग डॉक्टरांना काय सांगायचं? आणि उमैमाचं काम अकोल्याला कोणाकडे टाकावं, तर तिथे बाप्ये बसलेले. चांगुणाबाईंनी आजवर कोणाला तारीख चुकवली नव्हती. चुकवली असती, तर पहिली बातमी समोरच्या स्टुडिओवाल्याने पेढे वाटून दिली असती.

लक्ष्मीकांत दाराच्या पडद्याबाहेरूनच म्हणाला, “माय, डबा लहान पडून राह्यला. मोठा मागवू.”

“मोठा येईन कधी?”

“आठ-पंधरा दिवसांनी.”

“मंग त्यात तुहं डोकं ठेवजो.”

समता तोवर सर्व्हरपाशी गेली होती. तिने आजीला हाक मारली. सर्व्हरच्या छोट्या पडद्यावर दोन रेघा होत्या. एक पार वर चढून छताला टेकलेली, दुसरी तळाशी सपाट.

“हे काय?”

“ही वरची पहिली तार. सगळ्याईचं सगळं एकटी वाहून मरून राह्यली. आन ही दुसरी. झोपली. डब्यात काई खोट नाई आजी. डबा देतो म्हणते, पण वाट एकच हाये आन तिच्यावर गर्दी झाली.”

“झोपली नाई ते. राखून ठेवली.”

“दोन्ही चालू करतो मी.”

“आन एक तुटली म्हणजे?”

“त दुसरी सगळं एकटी वाहीन. हळू वाहीन, पण वाहीन. म्हणजे आता जसं चालू हाये ना, तसं. आज जे आपलं रोजचं हाल हाये, ते तुटल्यावर होईन. न तुटता कायले हाल करून घ्याचे?”

हे बोलणं चांगुणाबाईंना पटलं. पटलं म्हणूनच राग आला. त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि अडकित्त्याने सुपारी कातरू लागल्या. राखीव गोष्ट काढली की घर उघडं पडल्यासारखं त्यांना वाटे. पण शब्दही आपलाच होता, आणि तो काही माळ्यावर ठेवता येत नव्हता.

“कर चालू,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण बिघडलं त मले सांगाले येजो नको.”

समताने चालू केलं. एक खेप या तारेवर, एक खेप त्या तारेवर, बारी-बारीने. सगळे आपापल्या पडद्यापाशी उभे राहिले. उमैमाचा हात वर आला, थांबला, आणि आधीपेक्षाही जास्त वेळ थांबला. पुढच्या खोलीत डॉक्टर हार घालायला वाकले ते वाकलेलेच राहिले.

चांगुणाबाईंनी नुसतं नातीकडे पाहिलं. त्या पाहण्यात एवढं होतं, की रेवतीलाच लेकीची कीव आली.

“असं होत नसते,” समता म्हणाली.

“होऊन त राह्यलं.”

“दोन वाटा झाल्यावर कमी कसं होईन?”

“मले पुसते. शेगावले कोण गेलतं, मी का तू?”

समताने शौनकला फोन लावला. त्याने तिकडून दोन-चार गोष्टी तपासायला सांगितल्या. समता फोन कानाशी धरून छोट्या पडद्यावर काहीतरी शोधत राहिली आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या तारेवरून जाणारं सामान वाटेत खराब होत होतं. निम्मं पुन्हा पाठवावं लागत होतं. बारी-बारीने खेपा द्यायच्या, तर दर दुसरी खेप त्या लंगड्या तारेवर अडकायची आणि पहिली तार तिची वाट पाहत उभी राहायची.

“शौनक म्हणते, तार पाह्य. कुठं दबली का, मुडपली का.”

मांडणीमागे वाकायचं काम रेवतीचं. ती मोबाइलचा टॉर्च लावून वाकली. आणि वाकलेलीच राहिली.

“काय हाये वं?” चांगुणाबाईंनी विचारलं.

रेवती उठली. तिच्या हातात फुलाफुलांच्या कापडाची, बटण लावलेली एक पिशवी होती. दोन्ही बाजूंनी तारेची टोकं बाहेर आलेली, आणि मधली सगळी तार आत. बटण काढून पाहिलं तर आत तारेची चौपदरी घडी होती, लुगड्याची घालतात तशी, कडा दाबून बसवलेली, आणि वर नाडीची घट्ट गाठ.

ती पिशवी कोणाच्या हातची हे सांगायची गरज नव्हती. त्या फुलांच्या कापडाच्या उशा घरभर होत्या. दिवाळीच्या सफाईत चांगुणाबाईंना ती मोकळी तार मांडणीमागे लोंबताना दिसली होती. चांगली वस्तू, धूळ खाते, उंदीर लागेल, म्हणून त्यांनी तिला घर करून दिलं होतं.

लक्ष्मीकांतने तोंड उघडलं.

“तू बोलू नको,” चांगुणाबाई म्हणाल्या.

त्याने ते मिटलं. समताने गाठ सोडली, घड्या उलगडल्या, आणि दुमडलेल्या जागांवरून बोट फिरवलं.

“आजी, यात तांबं नसते. काचेचा धागा असते, केसापेक्षा बारीक. त्यातून उजेड धावते. मुडपलं की उजेड वळणावर बाहेर सांडते.”

“काच हाये हे कोण सांगतलं मले? तारेवर लिहून हाये का?”

“नाई लिहून.”

“मंग.”

आणि तेवढ्यावर ती गोष्ट मिटली. पण चांगुणाबाईंच्या मनात एक विचार आला, आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. पहिली तार खरंच तुटली असती, तर ऐन वेळी ही राखीव उठली असती आणि उठता उठता कोसळली असती. आपण सहा महिने निर्धास्त झोपलो, ते या घडीच्या भरवशावर.

तार मोकळी केल्यावर थोडी सुधारली, पण दुमड काही पुरती गेली नाही. नवी तार घेऊन शौनक शनिवारी येणार होता. गाडी गुरुवारची.

“मंग बंद कर ते दुसरी,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पहिलीवर जसं होईन तसं होईन.”

“नाई,” समता म्हणाली. तिची हनुवटी आजीसारखीच पुढे आली होती. “तू पायऱ्या कशी चढतं?”

“माह्या गुडघ्यावर कायले आली आता?”

“चांगल्या पायावर जास्त भार देतं, दुखऱ्यावर थोडा. दुखरा पाय घरी ठेवून येतं का? एका पायानं उड्या मारत चढतं का?”

रेवतीने पदर तोंडाला लावला.

“बारी-बारीनं देलं म्हणून बिघडलं,” समता म्हणाली. “चांगल्या तारेले एक, लंगडीले एक, असं बराबरीचं वाटप केलं मी. ते चुकलं माह्यं. आता असं करतो, ज्या तारेपाशी कमी सामान तुंबलं असंन, पुढची खेप तिले. चांगली भराभर मोकळी होईन, तिले जास्त जाईन. लंगडी आपल्या चालीनं मोकळी होईन, तवा तिले.”

“आन हे कोण पाह्यते, कोण मोकळी झाली ते?”

“सर्व्हर पाह्यते. दर खेपेले.”

“दर खेपेले?”

“हाव.”

चांगुणाबाईंना सर्व्हरबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर वाटला. असं काम त्यांनी स्वतः आयुष्यभर केलं होतं, दोन खोल्यांवर नजर ठेवून. पण मध्ये मध्ये त्यांना डुलकी लागायची.

समताने सेटिंग बदलली. यावेळी कोणी पडद्यापाशी जमलं नाही. सगळे आपापल्या कामाला बसल्यासारखं करत होते. चांगुणाबाई खुर्ची ओढून मांडणीसमोर बसल्या. डब्यावर दोन तारांचे दोन हिरवे दिवे होते. एक असा लुकलुकत होता, की डोळा ठरत नव्हता. दुसरा लुकलुके, थांबे, पुन्हा लुकलुके. मागच्या खोलीतून रेवतीचा आवाज आला.

“हात खाली आला, माय.”

पुढच्या खोलीत डॉक्टरही हार घालून ताठ उभे राहिले.

काही एकदम वारा सुटला असं नाही. पण अडकणं थांबलं. मागितलं की येत होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. चांगुणाबाईंनी जेवणाचं ताटसुद्धा त्या दिव्यांसमोर आणवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या मांडणीजवळून चालू देत नव्हत्या, आणि लंगड्या तारेकडे पाहून मधूनच “चाल, चाल” म्हणत. समताने एकदा ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांचा माणूस आपली फिल्म घेऊन गेला. दुपारी अन्वरभाईंची जीप थांबली. उमैमा, तिची आई फातिमा आणि सामान. जावई थेट स्टेशनवर येणार होता. मायलेकी पडद्याआड गेल्या. पेनड्राइव्ह तयार होता, पण चांगुणाबाईंचा रिवाज असा, की नवरीने एकदा इथे बसून पाहायचं, मगच न्यायचं.

अन्वरभाई बाहेर बाकावर बसले. आतून आधी बायकांचा गलका ऐकू आला, मग हसणं, मग सगळं शांत झालं आणि म्हातारीचा आवाज लागला. थोडा फाटलेला, पण सुरात. अन्वरभाईंचं पाणी पिणं थांबलं.

“काकू, अम्मी हाये?”

“हाव.”

“मी कधी ऐकलं नाई. घरात माणसं असली की गाणं कायचं, हूं म्हणून कव्हा गुणगुणली नाई.”

मंडपातल्या परक्या बायकांची चेहरेपट्टी कोणाही बाप्याला दिसणार नाही, हा चांगुणाबाईंचा शब्द. आवाजाचा शब्द कोणी मागितला नव्हता. त्यांनी बसल्या जागेवरूनच आवाज दिला.

“समता, मले ऐकू येत नाई. जरा मोठं कर.”

आतून आवाज मोठा झाला. चांगुणाबाईंचे कान तर असे तिखट, की रस्त्यापलीकडे समोरचा स्टुडिओवाला काय पुटपुटतो तेही त्यांना ऐकू येई. अन्वरभाई मान खाली घालून ऐकत राहिले. गाणं कुठे अडकलं नाही, थांबलं नाही, सरळ शेवटापर्यंत गेलं.

उमैमा बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि पेनड्राइव्ह मुठीत. ती चांगुणाबाईंच्या पाया पडायला वाकू लागली.

“वाकू नको, गाडी सुटंन,” त्या म्हणाल्या. “आन तिकडं गेल्यावर हे कपाटात ठेवून देजो नको. पाहत जाजो. नवऱ्याच्या मायलेही दाखवजो, तुही दादी काय चीज हाये ते.”

फातिमा निघता निघता दारात थांबली. “काकू, आमच्या पोराचं, जाकीरचंही जमून राह्यलं बरं. दिवाळीनंतर. तारीख तुम्हालेच पहिले सांगतो, लग्न झाल्यावर आठ दिवसांत फिल्म भेटंन ना?”

“भेटंन काय, चारच...” चांगुणाबाईंनी सुरुवात केली आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग मागे वळून पडद्याकडे तोंड केलं.

“समता, दिवाळीनंतर हात किती मोकळा हाये वं?”

समता पडद्याबाहेर डोकं काढून आजीकडे पाहत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी.

“पाहून सांगतो.”

“पाह्य मंग. उभी काय राह्यली?” चांगुणाबाई म्हणाल्या, आणि फातिमाला म्हणाल्या, “पाहून सांगते ते. तुम्ही निघा, जावई स्टेशनावर एकटाच उभा असंन.”